शून्य नऊच्या सबनीसकाकू

सबनीसकाकू फोनला घाबरायच्या. सांगलीच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये अख्खी नोकरी काढलेली बाई, आणि घरातला फोन वाजला की अंग चोरायची. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी हसले होते. नंतर कधी हसले नाही.

ऑकलंडच्या हेन्डरसन उपनगरात आमच्यापासून चार घरं सोडून त्यांच्या मुलाचं, अनिकेतचं घर. काका गेल्यावर काकू त्याच्याकडे कायमच्या राहायला आल्या. दिवसभर त्या एकट्याच असायच्या. अनिकेत आणि सून गौरी नोकरीवर, नात शाळेत. मी घरून काम करायची, त्यामुळे दुपारचा चहा बहुतेक त्यांच्याकडे व्हायचा. बुटक्या, किरकोळ अंगाच्या. सुती साडीवर मुलाचं जुनं फ्लीसचं जाकीट, लोकरीचे पायमोजे आणि त्यावर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. मोज्याला अंगठ्यापाशी चिमटा काढून त्या जँडल्सचा पट्टा बरोबर बसवत आणि तशाच कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला जात.

फोन वाजला की त्यांचं ठरलेलं असे. आधी दचकायच्या. मग उजवा हात पदराला पुसायच्या. फोन उचलून पडद्यावरचा नंबर मोठ्यानं वाचायच्या, तो कुठल्या गावचा ते सांगायच्या, आणि मगच बटण दाबायच्या.

"शून्य सात. हॅमिल्टनकडचा." किंवा, "शून्य तीन, पुढं चार. डनीडन. आपलं तिथं कोण आहे गं?"

नात आतून ओरडायची, "आजी, इट्स जस्ट स्पॅम! डोंट पिक अप!"

मी एकदा म्हटलं, "काकू, एवढी भीती वाटते तर उचलता कशाला? वाजू द्या ना."

"वाजू द्या कसं?" त्या म्हणाल्या. "तिकडं कुणीतरी कानाला लावून उभं असतंय की."

नंबरावरून गाव ओळखायची विद्या त्यांनी इथं आल्यावर स्वतःची स्वतः मिळवली होती. घराच्या आधीच्या मालकानं गराजमध्ये एक जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी सोडली होती, पानं दमट होऊन फुगलेली. अनिकेत ती रद्दीत टाकणार होता. काकूंनी ती उन्हात वाळवली आणि रोज आंघोळीनंतर चष्मा लावून वाचायला बसू लागल्या. महिन्याभरात त्यांना या देशाचा नकाशा आकड्यांत पाठ झाला. मला तो त्यांनीच शिकवला. इथं सात वर्षं राहून मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

"सगळ्या देशाला पाचच कोड आहेत बघ," त्या सांगत. "तीन, चार, सहा, सात आणि नऊ. आख्खं दक्षिण बेट शून्य तीन. वेलिंग्टन शून्य चार. तिथून वर येत गेलीस की सहा, मग सात, आणि शून्य नऊ आपला. पण शून्य नऊ म्हणजे नुसतं ऑकलंड नव्हे हं. वर टोकापर्यंत सगळं नॉर्थलँड नऊच. म्हणून पुढचे आकडे बघायचे. आठ-तीन म्हणजे आपण, हेन्डरसन. दोन-सात म्हणजे पापाटोएटो. चार-तीनच्या पुढं फांगारेईकडचं सगळं. कोड एकच, पण इथनं फांगारेईला लावायचा तर शून्य नऊ फिरवावाच लागतो. आडनाव एक म्हणून काय घर एक होत नाही."

त्यांचा पुतण्या अमेरिकेत होता. त्याच्या शहरात नंबर संपले म्हणून जुन्या कोडवर दुसरा कोड घातला होता. एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांना दोन वेगळे कोड. हे ऐकल्यापासून काकूंना नवी धास्ती लागली होती. "म्हणजे कोडवरून गाव कळतं, पण गावावरून कोड नाही कळायचा. चादरीवर चादर अंथरल्यासारखं. इथं नाही ना करणार गं तसं?"

मी म्हणायची, "काकू, आख्ख्या देशात पन्नास लाख माणसं. यांचे नंबर कुठले संपतायत!"

"हां, ते एक बरं आहे," त्या म्हणायच्या. पण चेहऱ्यावरून वाटायचं, की बरं आहे यावर त्यांचा विश्वास नाही.

एका हिवाळ्यात त्यांची फोनची भीती खरी झाली. दुपारची वेळ, बाहेर गारांचा मारा चालला होता. मी छत्री सावरत त्यांच्याकडे गेले तर दार उघडं, घरात कुणी नाही, आणि आत वॉशिंग मशीन घरघरतंय. हाका मारत लाँड्रीत गेले. मशीन रिकामंच फिरत होतं. काकू दारामागे भिंतीला चिकटून उभ्या होत्या, फोन छातीशी धरलेला.

"आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लावलंय मशीन," त्या कुजबुजल्या. "पोलीस आले का?"

"कसले पोलीस?"

हळूहळू सगळं कळलं. फोन आला होता. नंबर आपलाच, आठ-तीनचा, म्हणून काकूंनी त्या दिवशी नेहमीपेक्षा कमी घाबरत उचलला. पलीकडचा माणूस म्हणाला, मी इमिग्रेशनमधून बोलतोय, तुमच्या कागदात खोट आहे, तासाभरात पोलीस येऊन तुम्हाला आणि मुलाला घेऊन जातील. फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका, कार्डाचा नंबर सांगा.

"मग?"

"मग मी विचारलं, सर, तुमच्याकडं पण गारा पडतायत का? तो म्हणाला, नो मॅडम, ब्यूटिफुल सनी डे. मी ठेवून दिला."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. एवढ्या भेदरलेल्या असताना हे सुचलं कसं? पण काकू पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "बरोबर केलं ना मी? खरंच इमिग्रेशनचा असला तर? अनिकेतला काही झालं तर?" आणि थोड्या वेळानं, "पण नंबर आपला होता गं. मी नीट बघितला. नंबर खोटं कसं बोलेल?"

मी समजावलं, की आता कॉम्प्युटरवरून कुठूनही हवा तो नंबर दाखवता येतो. शिवाय लोक घर बदलतात तेव्हा जुना नंबर बरोबर नेतात, त्यामुळे आकड्यांचा आता फारसा भरवसा नाही. काकू ऐकत राहिल्या. चेहरा पार उतरला. मशीन बंद करून मी त्यांना स्वयंपाकघरात आणलं, चहा टाकला, आणि त्या कपाकडे न बघता त्यांनी मला वडगावची गोष्ट सांगितली. ती त्यांनी एकदाच सांगितली.

"तेव्हा गावाकडचे नंबर दोन आकडी असत. गाव सांगायचं, नंबर सांगायचा, आम्ही दोरी खुपसून लाइन जोडून द्यायची. एक दिवस पुण्याच्या दवाखान्यातनं लाइटनिंग कॉल आला. सगळ्यात तातडीचा तो. लाइनवर नुसती खरखर. 'वडगाव, अठरा' एवढंच ऐकू आलं. वडगावं आमच्या हद्दीत दोन होती. कुठलं, म्हणून विचारायला पाहिजे होतं. पण माझ्यापुढं नऊ कॉल लटकलेले, आणि लाइटनिंगला थांबवायचं नसतं. नेहमी लागायचं त्या वडगावला मी जोडून दिला. एका म्हातारीनं उचलला. तिकडनं माणूस म्हणाला, तुमचा मुलगा गेला. तिचाही मुलगा पुण्यातच होता, कारखान्यात. मी लाइनवर होते, मेघना. तिचा आवाज मी ऐकला."

बाहेर गारा थांबल्या होत्या. काकू टेबलावरचं प्लास्टिक बोटानं खरवडत होत्या.

"चार तासांनी दवाखान्याचा परत फोन, की अजून कुणी आलं कसं नाही? तेव्हा उमगलं. मग दुसऱ्या वडगावला लावला. त्या आईबापांना पोचायला उशीर झाला. तोंड बघायला मिळालं नाही त्यांना."

"आणि ती म्हातारी?"

"रडत-ओरडत पुण्याला निघालेली सगळी. तिचा मुलगा धडधाकट होता. पण मधले ते तास..." त्यांनी मान हलवली. "कुणी तक्रार केली नाही. चूक कुणाची ते कुणाला कळलंच नाही. मला माहीत."

त्या दिवसापासून मला त्यांच्या दचकण्याचं हसू येईनासं झालं.

पुढच्या वर्षी माझे वडील नाशिकहून आमच्याकडे आले. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. गणिताचे शिक्षक, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. विसरभोळेपणा वाढला होता. डॉक्टर त्याला निराळं नाव देत होते, मी ते घरात उच्चारत नव्हते. काकूंची आणि त्यांची गट्टी जमली ती आकड्यांवरून. चार घरांचं अंतर, पण रोज सकाळी अकराला अप्पा काकूंना फोन करायचे, त्यांच्या घरातल्या लँडलाइनवर. काकूंनीच ती सवय लावली. "अप्पा, माझा नंबर शून्य नऊसकट पाढ्यासारखा पाठ करा," असं म्हणून त्यांनी अप्पांकडून तो घोकून घेतला. अप्पांनी दोन दिवस कागदावर भागाकार करून जाहीर केलं, की तो नंबर अविभाज्य आहे, कशानंच भागला जात नाही. त्यानंतर ते माझा नंबर विसरले, जावयाचं नाव विसरले, पण काकूंचा नंबर त्यांच्या तोंडातून कधी चुकला नाही.

एप्रिलमधल्या एका शनिवारी मी अप्पांना घेऊन हेन्डरसनच्या लायब्ररीत गेले. ते म्हणाले, मी बाहेर उन्हात बसतो. त्यांना बाकावर बसवून मी पुस्तकं परत करायला आत गेले. सात-आठ मिनिटं झाली असतील. बाहेर आले तर बाक रिकामा.

पहिली पाच मिनिटं माणूस चिडतो. मग हाका मोठ्या होतात. मॉल, स्टेशन, पार्किंग, सगळीकडे मी धावले. नवरा आला. पोलिसांना फोन केला, ते ताबडतोब आले, अतिशय आपुलकीनं सगळं लिहून घेतलं. कुणीतरी सांगितलं, पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा ओढ्याच्या दिशेनं जाताना दिसला. हेन्डरसनचा ओढा तसा लहान, पण भरतीला त्यात पाणी चढतं. सगळे तिकडे वळले. मी काठाकाठानं चालत होते आणि पाण्याकडे बघायचं टाळत होते. बारा वाजले, एक वाजला.

सव्वाला माझा मोबाइल वाजला. काकू. आवाज इतका बारीक, की आधी ओळखूच आला नाही.

"मेघना, अप्पांचा फोन आलाय. लँडलाइनवर. लाइन चालू आहे, मी ठेवलेला नाही. तू इकडं ये."

मी गाडी कशी चालवली मला आठवत नाही. काकू स्वयंपाकघरातल्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. कॉर्डलेस फोन डाव्या कानाला दाबून धरलेला, उजव्या हातात मोबाइल. अनिकेत आणि गौरी नातीच्या नेटबॉलला गेलेले. काकूंनी तोंडावर बोट ठेवलं आणि कुजबुजल्या:

"अप्पा म्हणाले, काकू, अकराचा फोन राहिला, आता करतो. मी विचारलं, कुठं आहात? म्हणाले, माहीत नाही. इथं रताळी काढतायत, सगळीकडं रताळी. घरात कोणी नाही. मग म्हणाले, बघून येतो. रिसीव्हर ठेवला नाही त्यांनी, नुसता सोडला. भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. पावलांचा आला. त्यानंतर काही नाही. घड्याळ ऐकू येतंय, कुत्रं भुंकतंय लांब."

"नंबर?"

त्यांनी पडदा माझ्यासमोर धरला आणि लगेच परत कानाला लावला. शून्य नऊ. पुढं चार-तीन-नऊ.

"नऊ म्हणजे आपलंच ना," मी म्हटलं. "म्हणजे इथंच कुठंतरी..."

"नाही." त्यांनी जोरात मान हलवली. "चार-तीन-नऊ म्हणजे डार्गाविल बाजू. वर, पश्चिमेला. दोन तासांच्या वाटेवर."

मला ते अशक्य वाटलं. खिशात पास नाही, पाकीट नाही, असा माणूस दोन तासांवर जाईल कसा? ओढ्यावर दहा-पंधरा लोक शोधत होते. पोलिसांना मी नंबर कळवला. तपास करून सांगतो, पण थोडा वेळ लागेल, लोक नंबर घेऊन घरं बदलतात, एवढ्यावरून शोध हलवता येणार नाही, असं ते म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं. हेच मीही काकूंना सांगितलेलं होतं.

"काकू," मी म्हटलं, "नक्की?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतकी घाबरलेली नजर मी त्याआधी बघितली नव्हती आणि नंतरही नाही.

"मला विचारू नकोस गं," त्या म्हणाल्या. "नक्की कसं सांगू? नंबर खोटा असेल. कुणी ऑकलंडला घेऊन आलं असेल. मी तुला तिकडं पाठवीन आणि अप्पा इथंच पाण्यात... मी एकदा चुकलेय, मेघना."

"तुम्ही सांगाल तिकडे जाते."

काकूंनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत, पण त्या आकडे म्हणत होत्या. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "उत्तरेला जा. अप्पा रताळी म्हणाले. रताळी तिकडंच पिकतात. जा. मी लाइन सोडत नाही."

मी निघाले. नवरा ओढ्यावर थांबला. मोबाइल स्पीकरवर, काकू एका कानानं माझ्याबरोबर, दुसऱ्या कानानं त्या अनोळखी घरात. दर दोन मिनिटांनी लँडलाइनमध्ये त्यांची हाक ऐकू यायची. "हॅलो! एनीबडी? प्लीज! अप्पा! अहो अप्पा!" सांगलीत शिकलेलं इंग्रजी आणि फाटलेला आवाज. मग मला, "अजून कोणी नाही. तू गाडी नीट चालव."

हेलेन्सविलच्या पुढं रेंज गेली. ती वीस-पंचवीस मिनिटं आयुष्यातली सर्वांत लांब. डोंगर, गुरं, पुन्हा डोंगर. मी ओढ्यापासून लांब लांब चालले होते, आणि दर वळणावर वाटत होतं की मागे फिरावं. एका वृद्ध बाईच्या पाठांतरावर मी वडिलांना सोडून निघालेय. अप्पा तिथं ओढ्यात सापडले तर हे मी कुणाला सांगू? स्वतःला काय सांगू?

वेल्सफर्डला रेंज आली तेव्हा काकूंचा आवाज आणखी बारीक झाला होता. "मेघना, फोन टूं-टूं करतोय. बॅटरी संपत आली. चार्जरवर ठेवला तर लाइन कटेल. काय करू?"

"नका ठेवू. पुन्हा लावून बघता येईल."

"नाही लागणार गं. तिकडं रिसीव्हर लोंबतोय, एंगेजच लागेल. हीच एक लाइन आहे." आणि मग त्यांनी त्या लाइनमध्ये इतक्या मोठ्यानं हाक मारली, की माझा हात स्टिअरिंगवर हलला. "हॅलोऽऽ! समबडी! ओल्ड मॅन इन युवर हाउस! हॅलोऽऽ!"

तिकडून काय झालं ते मला नंतर कळलं. त्या घरातली बाई, मेरी तिचं नाव, शेडमध्ये रताळी निवडत होती. पाणी प्यायला घरात आली तर स्वयंपाकघराचं दार उघडं, आणि भिंतीवर लोंबणाऱ्या रिसीव्हरमधून कुणीतरी किंचाळतंय. ती म्हणाली, मी इतकी घाबरले, की आधी उचललाच नाही.

मला फक्त काकूंचं बोलणं ऐकू येत होतं. "येस! येस! थँक यू! नो, नो थीफ. ओल्ड मॅन. व्हाइट कॅप. ही इज... ही इज माय ब्रदर. ही फर्गेट्स. प्लीज, युवर व्हिलेज नेम?" मग थांबल्या. मग म्हणाल्या, "अगेन, प्लीज." आणि पुन्हा, "वन्स मोर, प्लीज. आय रिपीट." रस्त्याचं नाव, घराचा नंबर, गाव, तीन-तीनदा म्हणून घेतलं. टूं-टूं चालूच होतं. मग मला सांगितलं, एक-एक अक्षर सुटं करून. "रु-आ-वा-ई. डार्गाविलच्या अलीकडं. परत म्हण." मी म्हटलं. "अजून एकदा." मी पुन्हा म्हटलं. कॉर्डलेस बंद पडला तेव्हा त्यांचं सगळं सांगून झालं होतं.

"अप्पा घरात नाहीत," त्या शेवटी मोबाइलवर म्हणाल्या. "ती आणि तिचा नवरा शोधायला गेलेत. शेताला मोठे नाले आहेत म्हणाली, खोल. लवकर जा."

रुआवाईची जमीन सपाट, नदीच्या पाण्याच्या पातळीला टेकलेली. म्हणून शेताशेताच्या कडेनं पुरुषभर खोल नाले काढलेत. वर गवत इतकं दाट, की पाय टाकेपर्यंत नाला दिसत नाही. मी पोचले तेव्हा मेरी रस्त्यातच उभी होती, दोन्ही हात हलवत. "वी गॉट हिम, लव्ह. ही इज ओके." अप्पा एका नाल्यात सापडले होते. एक पाय मांडीपर्यंत चिखलात रुतलेला, दोन्ही मुठींत गवत, टोपी वाहून गेलेली. दीड तास ते तसेच उभे. मेरीच्या नवऱ्यानं त्यांना शोधलं ते आवाजावरून. अप्पा मोठ्यानं एकोणतीसचा पाढा म्हणत होते.

मी गेले तेव्हा ते ब्लँकेट पांघरून खुर्चीत बसले होते. ओठ निळे, हातात चहाचा मग. मला बघून म्हणाले, "शाळा सुटली का?"

तिथं ते पोचले कसे, तेही उलगडलं. लायब्ररीसमोरून ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळाची बस कौरीची झाडं बघायला निघाली होती. अप्पा त्या म्हाताऱ्यांच्या रांगेतून आत चढले आणि मागच्या सीटवर झोपले. रुआवाईला बस चहाला थांबली तेव्हा उतरले आणि चालू लागले. पोलिसांचाही फोन तोवर आला. नंबरचा पत्ता त्यांना लागला होता, रुआवाईच निघाला. त्या वेळी अप्पांच्या अंगावर कोरडे कपडे चढले होते.

परत आलो तेव्हा अनिकेतच्या घरात सगळे जमले होते. काकू त्याच खुर्चीत होत्या. बंद पडलेला फोन अजून हातात. गौरी म्हणाली, "आई सोडतच नाहीत. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत." मी त्यांच्या पायांशी बसले आणि एक-एक बोट उलगडून फोन काढून घेतला. बोटं ताठरली होती.

"अप्पा जेवले का?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मी काहीतरी बोलणार होते, आभाराचंच असणार. त्यांनी हात वर केला. "मेघना, एक सांगते. मला परत असं कधी विचारू नकोस. आता जमायचं नाही."

लोकांना वाटलं, त्या दिवसानंतर काकूंची भीती गेली असेल. तसं काही झालं नाही. उलट वाढली. फोन वाजला की आता त्या खुर्चीचा हात धरायच्या. इथल्या मराठी मंडळात कुणी कौतुक केलं की उठून स्वयंपाकघरात जायच्या. एकदा मला म्हणाल्या, "बरोबर निघालं म्हणून सगळी चांगलं म्हणतात. चुकलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं ना?"

अप्पांना मी त्याच वर्षी नाशिकला भावाकडे पोचवलं. पुढं अनिकेतला क्राइस्टचर्चला नोकरी लागली आणि ते सगळे तिथल्या हॉर्नबी उपनगरात गेले. तिथल्या घरात लँडलाइन नव्हतीच. तांब्याच्या तारा काढून टाकताहेत, आता कुणी घेत नाही. काकूंच्या हातात मोबाइल आला. त्यावरून त्यांनी मला पहिला फोन केला तेव्हा म्हणाल्या, "शून्य तीनमध्ये आले, पण माझा नंबर शून्य दोननं सुरू होतो. याला गावच नाही गं. उद्या कुठं पडले तर कुणाला कळायचं कुठनं बोलतेय?"

"काकू, त्यात नकाशा असतो. अनिकेतला दिसतं तुम्ही कुठे आहात ते."

"हां," त्या म्हणाल्या. विश्वास बसला नव्हता.

त्यानंतर एकदाच त्यांना बघितलं. कामासाठी क्राइस्टचर्चला गेले होते, दुपार मोकळी होती म्हणून हॉर्नबीला गेले. काकू आणखी आक्रसल्या होत्या. त्यांनी साबुदाण्याची खिचडी केली होती. आम्ही जेवत असतानाच जमीन हलली. फार नाही. कपाटातल्या बशा खुळखुळल्या, पाण्याच्या ग्लासात वलयं उठली. तिथल्या लोकांना सवय आहे, मला नव्हती, आणि काकूंना होणं शक्यच नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरलं. आम्ही दोघी टेबलाखाली, गुडघे पोटाशी घेऊन. काकू डोळे घट्ट मिटून बसलेल्या. हलणं थांबल्यावरही त्यांनी बराच वेळ मनगट सोडलं नाही.

तेवढ्यात माझी टॅक्सी आली. विमानाची वेळ झाली होती. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, म्हटलं, अनिकेतला बोलावून घेते. "नको, जा तू, विमान चुकेल," म्हणाल्या. आवाज अजून कापत होता. मी नमस्कार केला आणि निघाले.

टॅक्सीत बसून दार लावलं, तेव्हा काकू घराबाहेर आलेल्या दिसल्या. जाकीट घालायचं विसरल्या होत्या. कुंपणाच्या फटीतून शेजारच्या आवारात शिरल्या. तिथं एकटी राहणारी एक गोरी म्हातारी होती, त्यांनीच जेवताना सांगितलं होतं, कानानं अधू, फोन वाजला तर तिला ऐकू येत नाही. वारा सुटला होता, पदर उडत होता. एका हातानं चौकट धरून दुसऱ्या हातानं काकू दार ठोठावत होत्या. ड्रायव्हरनं गाडी वळवली. दार अजून उघडलं नव्हतं, आणि काकू ठोठावायच्या थांबल्या नव्हत्या.